आगीपासून सावध करणाऱ्या जुन्या फिल्म्स: कुठली दाखवायची, कुठली नको

मागे एकदा माझ्याकडे कढईतल्या तेलाने पेट घेतला. ज्वाळा वीतभरच होती पण माझा हात पहिल्यांदा गेला तो थेट नळाकडे, नळ सोडलासुद्धा होता, आणि तेवढ्यात डोळ्यासमोर आली ती ब्रिटिश टीव्हीवर ७० च्या दशकात लागायची त्यातली एक छोटीशी फिल्म, पेटलेल्या भांड्यावर ओला फडका टाकायला सांगणारी. मी नळ तसाच वाहता ठेवला, गॅस बंद केला, मोठं झाकण कडेकडेने सरकवत कढईवर ठेवलं आणि मागे झाले. झाकणाखालून थोडा वेळ धूर येत राहिला, मग थांबला, तरी अर्धा तास मी त्याला हात लावला नाही कारण तेही त्या फिल्म्सनीच सांगितलेलं होतं.

नंतर शांत बसल्यावर लक्षात आलं की त्याच काळातली 'सर्चिंग' नावाची फिल्म मी हिच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा बघितलीय, तिचे आवाज मला अजून कानात ऐकू येतात, पण त्या चार सेकंदात ती आठवलीसुद्धा नाही. कारण आग लागल्यावर काय करायचं ह्याबद्दल तिच्यात काही नाहीच.

तेव्हापासून अशा जुन्या फिल्म्समधून निवड करायची वेळ आली की मी एकच बघते, फिल्म संपल्यावर बघणाऱ्याच्या हातांना काही कळलं का. तुम्ही मुलांच्या वर्गासाठी, ऑफिसच्या फायर ड्रिलसाठी किंवा घरातल्यांसोबत बघायला म्हणून एखादी जुनी फिल्म शोधत असाल तर शोधायला गेल्यावर पन्नास सापडतात, आणि सगळ्यात जास्त शेअर होणारी फिल्म सगळ्यात उपयोगाची असते असं अजिबात नाही. म्हणून ज्या मी स्वतः परत परत बघितल्यात आणि दाखवल्यात त्याच इथे समोरासमोर ठेवते.

आधी 'सर्चिंग' आणि ती तेलाच्या आगीची फिल्म

दोन्ही ब्रिटनच्या सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशनच्या. हे सरकारी खातं १९४६ साली सुरू झालं आणि त्याने रस्ता ओलांडण्यापासून पाण्यात बुडण्यापर्यंत सगळ्यावर मिनिट-अर्ध्या मिनिटाच्या फिल्म्स काढल्या, टीव्हीवाल्यांना त्या फुकट मिळायच्या आणि दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की लावल्या जायच्या, म्हणजे माणूस घरात निवांत बसलेला असताना एकदम समोर. 'सर्चिंग' १९७४ ची आहे. कॅमेरा जळून गेलेल्या घरातून हळूहळू फिरतो, माणूस एकही दिसत नाही, फक्त काळ्या पडलेल्या भिंती आणि सामानाचे सांगाडे, आणि त्यावर ऐकू येतात आग लागली त्या वेळचे घरातल्यांचे आवाज. बस एवढंच. फिल्म म्हणून ती अफाट आहे, एक मिनिटात एवढं कोणी सांगू शकतं ह्यावर विश्वास बसत नाही, आणि लहान मूल घरात असलेल्या आईवडिलांनी ती एकदा बघावी असं मला मनापासून वाटतं कारण बघितल्यावर काडेपेटी आणि लायटर वरच्या कप्प्यात जातातच. पण मुलांना ती दाखवू नका. दहा वर्षांखालच्या मुलाला तर नाहीच नाही. मी एकदा मोठ्यांच्या ग्रुपला दाखवली तेव्हा एक सात-आठ वर्षांची मुलगी आईसोबत येऊन मागे बसलीय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, फिल्म संपली तर ती कान झाकून बसलेली. तिला मी विचारलं आग लागली तर काय करशील, ती म्हणाली मी माझ्या खोलीत लपेन. हे उत्तर ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण लपणं हीच ती गोष्ट जी मुलांनी कधीच करायची नसते, आगीच्या वेळी मुलं पलंगाखाली नाहीतर कपाटात शिरतात आणि शोधायला आलेल्या फायरमनच्या हाकेला ओ देत नाहीत.

नुसती भीती घालून माणूस शहाणा होतोच असं नाही, हे फार आधी तपासून झालंय. जॅनिस आणि फेशबॅक ह्या दोघांनी १९५३ साली शाळकरी मुलांवर दातांच्या काळजीबद्दल एक प्रयोग केला होता, एका गटाला खूप भीती घातली, एकाला मध्यम, एकाला अगदी थोडी, आणि सांगितलेलं सगळ्यात जास्त कोणी पाळलं तर कमी भीती घातलेल्या गटाने. नंतरच्या अभ्यासात भर पडली ती अशी की भीती चालते, पण सोबत 'हे तू करू शकतोस आणि हे केल्याने वाचशील' एवढं स्पष्ट सांगितलं तरच, नाहीतर माणूस त्या विषयाकडे पाठ फिरवतो. 'सर्चिंग' दुसरा भाग सांगतच नाही.

तेलाच्या आगीच्या फिल्म्स बरोबर उलट आहेत. ब्रिटनमधे तेव्हा घरोघरी चिप्स तळायचं उभट भांडं असायचं, निम्म्याच्या वर तेल भरलेलं, आणि घरातल्या आगींचं ते मोठं कारण होतं, म्हणून ह्याच विषयावर त्यांनी पुन्हा पुन्हा फिल्म्स काढल्या. सांगणं सगळ्यांचं तेच. आच बंद करा, ओला पिळलेला फडका किंवा झाकण टाका, भांडं उचलून बाहेर पळू नका, पाणी टाकू नका, आणि अर्धा तास तसंच राहू द्या. दर वेळी तोच क्रम, त्यामुळे तो डोक्यात बसतो. पाणी का नाही हे तोंडी सांगायला मात्र विसरू नका कारण फिल्ममधे ते सांगायला वेळ नसतो: पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, तेल तीनशेच्या वर डिग्री तापलेलं, पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफ पाण्याच्या साधारण सतराशे पट जागा घेते, मग ती वर येताना पेटलेलं तेल थेंबाथेंबाने हवेत उडवते आणि प्रत्येक थेंब स्वतंत्र जळतो. म्हणून छतापर्यंत भडका. हे एकदा कळलं की 'पाणी नको' हे पाठ करावं लागत नाही.

एक गोष्ट बदललीय. आज तिकडचे बरेच अग्निशमन दलवाले सांगतात की तेलाची आग स्वतः विझवायच्या भानगडीतच पडू नका, हात न भाजता आच बंद करता येत असेल तर करा, नाहीतर बाहेर पडा, मागे दार ओढून घ्या आणि फोन करा. ओल्या फडक्यात धोका असा की तो नीट पिळलेला नसेल तर पाणी ठिबकतं, किंवा टाकताना हात आगीवरून जातो. तेव्हा फिल्म दाखवा पण हे सोबत सांगा. तरी ह्या दोघींत मला निवडायची तर मी डोळे झाकून तेलाची निवडेन.

मुलांसाठी: चार्ली, जिमिनी की डोनाल्ड

इथे निवड खरोखर कठीण आहे कारण तिन्ही चांगल्या आहेत आणि तिघांचा वयोगट वेगळा.

'चार्ली सेज' १९७३ ची मालिका, तीही ब्रिटनचीच. टोनी नावाचा मुलगा आणि चार्ली नावाचं पिवळसर मांजर. मांजर जे बोलतं ते नुसतं गुरगुरणं-म्यावणं, आवाज दिलाय केनी एव्हरेट ह्या रेडिओवरच्या फेमस माणसाने, आणि मांजर काय म्हणालं ते टोनी आपल्याला सांगतो. त्यातली एक फिल्म काडेपेटीवर आहे आणि तिचा नियम एकच, काडेपेटी दिसली तर हात लावू नका, आईला जाऊन सांगा. चित्रं अगदी साधी, हलतातही थोडी अडखळत, पण चार-पाच वर्षांच्या मुलाला नेमकं तेवढंच झेपतं. आणि एक फायदा मला दाखवता दाखवता कळला, मांजराची भाषा कुठलीच भाषा नाही! त्यामुळे इंग्रजी न कळणाऱ्या मुलांसमोर टोनीचा आवाज बंद करून ते वाक्य आपण आपल्या भाषेत म्हटलं तरी मजा तीच राहते, फक्त मांजराच्या वेळी आवाज परत चालू करायचा. मुलं पुढे दिवसभर तसं गुरगुरत फिरतात, आणि गुरगुरून झालं की अर्थही सांगतात.

डिस्नीची 'आय अॅम नो फूल विथ फायर' १९५५ ची. जिमिनी क्रिकेट हा टोपीवाला रातकिडा आधी माणसाने आग कशी ओळखीची करून घेतली ते सांगतो आणि मग सामना लावतो, एका बाजूला 'तू' आणि दुसऱ्या बाजूला 'मूर्ख', कोण नियम पाळतं कोण नाही ते फळ्यावर. मुलांना हा प्रकार प्रचंड आवडतो, गाणं तर लगेच पाठ होतं. चित्रं अर्थातच चार्लीपेक्षा शंभर पटीने देखणी. पण मला ह्यात एक गोष्ट खटकते आणि ती मी दर वेळी सांगते. मूल काड्यांशी खेळतं ते मूर्ख म्हणून नाही, कुतूहल म्हणून खेळतं, आणि ज्याने खरंच कधी काडी ओढून बघितलीय ते मूल ही फिल्म बघून एवढंच शिकतं की मी मूर्खांच्या बाजूचा आहे, म्हणजे आता हे कोणाला सांगायचं नाही. उद्या पडदा पेटला तरी ते सांगणार नाही, दार लावून घेईल. चार्लीवाली फिल्म सांगते सांगायला. फरक छोटा दिसतो पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे सहा वर्षांच्या आतल्यांना चार्ली, आणि जिमिनी दाखवायचाच असेल तर नंतर मुलांना स्वच्छ सांगा की चुकून काही पेटलं तर रागावणार नाही, धावत येऊन सांग.

'डोनाल्ड्स फायर सर्व्हायव्हल प्लॅन' १९६५ ची, तीही डिस्नी, साधारण अकरा मिनिटांची. ही मुलांची फिल्म समजली जाते पण माझ्या मते ही सगळ्या घराने मिळून बघायची आहे कारण हिचा विषय आग लावू नका हा नाहीच, आग लागलीच तर ह्या घरातून आपण सगळे बाहेर कसे पडणार हा आहे. आधी ठरवून ठेवा आणि सराव करा. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना हे छान कळतं, त्यांना नकाशे काढायला आवडतंच, फिल्म झाली की कागद-पेन्सिल द्या आणि घराचा नकाशा काढायला लावा, प्रत्येक खोलीतून बाहेर पडायचे दोन मार्ग, बाहेर भेटायची एक जागा. एका मुलाने काढलेल्या नकाशात त्याच्या खोलीच्या खिडकीवर त्याने फुली मारली होती, विचारलं तर म्हणाला ही उघडत नाही, रंग लावल्यापासून चिकटलीय. त्याच्या वडिलांना हे माहीतच नव्हतं. अकरा मिनिटांची फिल्म आणि दहा मिनिटांचा नकाशा, एवढ्यात एक बंद खिडकी सापडली. त्या संध्याकाळी ती उघडली गेली.

ह्याच ओळीत अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या ७० च्या दशकातल्या छोट्या जाहिराती येतात, डिक व्हॅन डाइक ह्या लोकप्रिय नटाला घेऊन केलेल्या. कपडे पेटले तर थांबा, आडवे पडा, लोळा. एका जाहिरातीत एकच कृती, हा त्यांचा गुण. फक्त मुलांना ही कृती इतकी आवडते की आगीबद्दल काहीही विचारलं तरी ती लोळूनच दाखवतात, तेव्हा लोळायचं कधी तर स्वतःच्या अंगावरचे कपडे पेटले तरच, धूर असेल तर रांगत बाहेर, हे दोन वेगळे खेळ म्हणून दोनदा करून घ्या.

घराच्या बाहेरची बाजू: दोन अमेरिकन फिल्म्स

आता ज्या फिल्मबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. 'द हाऊस इन द मिडल', १९५४. ही तुम्हाला हमखास सापडणार कारण २००१ साली अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीमधे, म्हणजे जपून ठेवायच्या फिल्म्सच्या सरकारी यादीत, तिचा समावेश झाला आणि तेव्हापासून ती सगळीकडे फिरतेय, रंगीत आहे, बारा मिनिटांची आहे, दिसायला जबरदस्त आहे. नेवाडाच्या वाळवंटात अणुबॉम्बच्या चाचणीच्या वेळी तीन छोटी लाकडी घरं शेजारी शेजारी उभी केली. एक कचऱ्याने वेढलेलं, एक वाळक्या कुजक्या लाकडाचं बिनरंगाचं, आणि मधलं स्वच्छ, नुकतं पांढऱ्या रंगाने रंगवलेलं. स्फोटाच्या उष्णतेचा लोट येतो, दोन्ही बाजूची घरं पेटतात, मधलं थोडं करपतं पण टिकतं. आणि निवेदक सांगतो की घर स्वच्छ ठेवा, रंगवा, म्हणजे अणुयुद्धातही ते वाचेल.

फिल्म काढली फेडरल सिव्हिल डिफेन्स अॅडमिनिस्ट्रेशन ह्या नागरी संरक्षणाच्या सरकारी खात्यासोबत एका ब्युरोने, साफ करा-रंगवा-दुरुस्त करा असं नावातच असलेल्या, आणि हा ब्युरो होता रंग आणि वॉर्निश बनवणाऱ्यांच्या संघटनेचा. हे एकदा कळलं की फिल्म वेगळी दिसायला लागते, कारण घर वाचलं तरी त्यातल्या माणसाचं काय हा प्रश्न ती शेवटपर्यंत विचारत नाही. अणुबॉम्बपासून वाचायची म्हणून ही फिल्म कोणालाही दाखवू नका. पण मला तिच्याबद्दल एक न्यायाचं बोलायचंय. पाचोळा, जुनी वर्तमानपत्रं, वाळकं लाकूड भिंतीला टेकवून ठेवू नका, हे जे ती सांगते ते साध्या आगीसाठी शंभर टक्के खरं आहे. योग्य सल्ला चुकीच्या संकटाला जोडला, एवढंच तिचं झालंय. कॉलेजच्या मुलांना 'फिल्म कोण काढतं आणि का काढतं' हे शिकवायचं असेल तर हिच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. फायर सेफ्टी शिकवायची असेल तर मात्र हिच्या शेजारी ठेवायची ती पुढची.

'डिझाइन फॉर डिझास्टर', १९६२, लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाची स्वतःची. ६ नोव्हेंबर १९६१ ला बेल एअर ह्या डोंगरउतारावरच्या श्रीमंत वस्तीत वणवा शिरला आणि ४८४ घरं गेली. माणूस एकही मेला नाही, ह्याचं श्रेय अग्निशमन दलालाच, पण फिल्म स्वतःची पाठ थोपटत बसत नाही, ती विचारते की एवढी घरं गेली का. उत्तर पहिल्यापासून समोर असतं. उतारावर वाळलेली झुडपं, अरुंद वळणाचे रस्ते, कोरडे जोराचे सांता आना वारे, आणि सगळ्यात वर लाकडी फळकुटांची छपरं. आगीचा लोळ येऊन घर पेटतं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात वाऱ्यावर उडत आलेले निखारे छपरावर पडतात, एक फळकूट पेटतं, सुटतं आणि तेच पुढच्या घरासाठी निखारा होतं. आग रस्ता ओलांडून मधली घरं सोडून पुढे उडी का मारते ते ह्यात दिसतं. निवेदन विल्यम कॉनराडचं, रेडिओवर नावाजलेला भारदस्त आवाज, पण आरडाओरडा कुठेच नाही. त्या दिवशी रिचर्ड निक्सन, जो तेव्हा शेजारच्या ब्रेंटवुडमधे भाड्याच्या घरात राहत होता आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, तो स्वतः टाय लावून छपरावर चढून पाइपने पाणी मारत होता, तो फोटो बऱ्याच जणांनी बघितलेला असतो.

दोन्हीत समान काय तर घराच्या बाहेरचा भाग. 'हाऊस इन द मिडल' बारा मिनिटांत एक सुंदर पांढरं घर दाखवून खोटा धीर देते, 'डिझाइन फॉर डिझास्टर' अर्धा तास घेते, मधे थोडी रेंगाळतेही, पण बघून उठलेला माणूस वर छपराकडे बघतो, पन्हळीतला पाचोळा काढतो. वणव्याच्या पट्ट्यात राहणारे लोक, घर बांधायला निघालेले, आर्किटेक्चर शिकणारे, ह्यांना हीच. लहान मुलांना नको, कंटाळतील.

थोडक्यात दोन अजून

स्मोकी बेअर बहुतेकांना माहीतच असतो, १९४४ पासूनचा, अमेरिकेच्या वनखात्याचा टोपीवाला अस्वल. त्याच्या जुन्या टीव्ही जाहिराती गोड आहेत, काडी मोडून टाका, शेकोटी पाणी टाकून हलवून विझवा, हे सल्ले आजही जसेच्या तसे चालतात. पण जंगलातली प्रत्येक आग वाईट असा त्याचा जो सूर होता तो आता टिकत नाही, दशकानुदशकं सगळ्या आगी विझवत राहिल्याने जंगलात वाळकं लाकूड साठत गेलं आणि मग लागणारी आग आवरेनाशी झाली, म्हणून मुद्दाम लावलेल्या नियंत्रित आगीही लागतात हे आता मानतात. २००१ मधे त्याचं घोषवाक्य 'जंगलातल्या आगी' वरून 'वणवे' असं बदललं ते ह्यामुळेही. सहलीला निघालेल्या मुलांना जरूर दाखवा, जंगलाचा अभ्यास म्हणून नको.

'गो टू ब्लेझेस', १९४२, विल हे ह्या विनोदी नटाची, ब्रिटनच्या माहिती खात्याने युद्धाच्या काळात काढलेली, घरावर आग लावणारे बॉम्ब पडले तर काय करायचं ह्यावर. हसवत हसवत शिकवायची तिची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे, तंत्र मात्र त्या बॉम्बचं आणि त्या हातपंपाचं, आज त्याचा उपयोग नाही. ज्यांना फिल्म कशी लिहावी हे बघायचंय त्यांनीच बघा.

कुठलीही निवडली तरी हे सोबत सांगायलाच लागेल

घरात लावायचे स्मोक अलार्म ७० च्या दशकात सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले, त्यामुळे त्याआधीच्या फिल्म्समधे ते नसतातच, आणि फिल्ममधे नाही म्हणजे गरज नाही असा समज मुलं सहज करून घेतात. दुसरं, जुन्या काही फिल्म्समधे कार्बन टेट्राक्लोराइडचे अग्निशामक कौतुकाने दाखवलेत. ते द्रव्य विषारी आहे आणि आगीवर पडलं की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. कोणाच्या माळ्यावर तसा पितळी पंप किंवा काचेचा गोळा शोभेचा म्हणून पडलेला असेल तर तो आगीत वापरायचा नाही. अॅस्बेस्टॉसच्या चादरीही तशाच, तेव्हा उत्तम, आता नको.

आणि तिसरं, वेळ. जुन्या फिल्म्समधे घरातली माणसं उठतात, गाऊन घालतात, एकमेकांना हाका मारतात, फोन लावतात, मग बाहेर पडतात. त्या वेळच्या लाकूड-कापूस-लोकरीच्या खोलीत त्यांना खरंच तेवढा वेळ होता. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज ह्या सुरक्षेच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेने जुन्या पद्धतीच्या सामानाची आणि आजच्या फोम-प्लॅस्टिकच्या सामानाची अशा दोन खोल्या पेटवून बघितल्या तेव्हा जुनी खोली पूर्ण भडकायला जवळपास अर्धा तास लागला, आजची खोली चार मिनिटांच्या आत गेली. म्हणून फिल्ममधला कोणीही काही घ्यायला परत वळला की मी तिथेच थांबवते आणि विचारते, आज चालेल का हे?

जे बदललं नाही ते पण सांगते. दार बंद ठेवा, धुरात खाली वाकून जा, दार उघडायच्या आधी ते तापलंय का बघा, बाहेर पडलात की परत आत जाऊ नका. ही चार वाक्यं त्या काळापासून आजपर्यंत तशीच आहेत.

प्रिंट घ्यायची की डिजिटल

दाखवायलाच हवी असेल तर डिजिटल, विचारसुद्धा करू नका. ब्रिटिश फिल्म्स ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्ज आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे आहेत, अमेरिकन बऱ्याचशा इंटरनेट अर्काइव्हवर, तिथल्या प्रेलिंगर संग्रहात तर दिवसभर हरवून जाल. वर्षं आणि माहिती मात्र अपलोड करणाऱ्याच्या भरवशावर न ठेवता ह्या संस्थांच्या पानावरून घ्या, कॉपीवर कॉपी झालेल्या क्लिपांना कोणीही काहीही नाव देतं.

प्रोजेक्टर असेल आणि खरी रीळ हवी असेल तर १६ एमएम घ्या. हा आकार कोडॅकने १९२३ साली आणला तोच सहजी न पेटणाऱ्या बेसवर (बेस म्हणजे फिल्मची मूळ पट्टी), कारण तो घरात आणि शाळेत वापरायचा होता. ३५ एमएमच्या साधारण १९५१ च्या आधीच्या रिळा नायट्रेटच्या असू शकतात आणि नायट्रेट इतकं जळतं की जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडतं, पाण्यात बुडवलं तरी विझत नाही. आगीपासून सावध करणारी फिल्म स्वतः अशा रिळावर घरात ठेवणं हे मला कल्पनेतही सहन होत नाही. रिळाच्या कडेला 'सेफ्टी' असं छापलेलं बघा, भिंग लावून बघा, आणि तरी शंका असेल तर घरी आणूच नका, फिल्म अर्काइव्हवाल्यांना विचारा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर बेस खराब व्हायला लागलाय, ती रीळ बाकीच्यांपासून लांब ठेवा. आणि रंग सगळा गुलाबी-लाल झालेला दिसला तर तो प्रोजेक्टरचा दोष नाही, ईस्टमनकलर ह्या जुन्या रंगीत फिल्मचे निळे-हिरवे रंग आधी उडतात. अशा गुलाबी प्रिंटमधे ज्वाळा आणि भिंत एकाच रंगाची दिसते, शिकवायला निरुपयोगी. कोडाक्रोम ह्या दुसऱ्या प्रकारच्या रंगीत फिल्मची प्रिंट मिळाली तर मात्र रंग अजून ताजे असतात, तेव्हा जास्त मोजावे लागले तरी तीच घ्या.

मी सध्या दाखवते ती जोडी अशी आहे: लहान मुलं असतील तर चार्ली आणि लगेच डोनाल्ड, मोठे असतील तर तेलाची फिल्म आणि वेळ उरला तर 'डिझाइन फॉर डिझास्टर'चा छपरांचा भाग. 'सर्चिंग' फक्त आईवडिलांना, आधी विचारून. फिल्म संपली की दिवे लावते आणि सगळ्यांना उठवते, एकेकाने खोलीच्या दारापाशी यायचं, तळवा नाही, हाताची मागची बाजू दाराला लावायची, खालून वरपर्यंत न्यायची, मग दार उघडायचं. पहिल्या वेळी सगळे हसतात, तिसऱ्या वेळेपर्यंत हात आपोआप उलटा होतो.